उभ्या गाडीचे ब्रेक जाम का होतात?

जुनी मोटार नियमित पळत असेल तर तिचे ब्रेक सहसा त्रास देत नाहीत. तीच गाडी वर्षभर कव्हरखाली उभी राहिली, की एखादं चाक जागचं हलत नाही. दोष पावसाला दिला जातो, पण पाणी बरेचदा ब्रेक ऑइलमधूनच आलेलं असतं.

डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारांची ब्रेक ऑइल ग्लायकॉल या रसायनापासून बनतात आणि हवेतला ओलावा शोषतात. ऑइलच्या टाकीच्या झाकणातलं बारीक छिद्र आणि चाकापर्यंत ऑइल नेणारी रबरी नळी (होज), दोन्हीकडून तो आत झिरपतो. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की ही हमी १५५ अंशांवर येते. चर्चा होते ती या उकळण्याची. उभ्या गाडीत मात्र खरा घात गंज करतो, कारण ऑइलमधली गंजरोधक रसायनंही हळूहळू संपत जातात.

कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला पॅडने चिमटीत धरणारा भाग. त्यात पॅड दाबणारा पिस्टन आणि बिडाच्या सिलिंडरमधली फट जेमतेम केसाएवढी. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणजे थोडासा गंजही पिस्टन आवळायला पुरतो. शिवाय पिस्टन मागे ओढायला तिथे स्प्रिंग नसते. ब्रेक दाबल्यावर चौकोनी छेदाचं रबरी सील किंचित मुरडतं आणि पाय उचलला की सरळ होताना पिस्टनला मागे खेचतं. एवढ्याशा ताकदीला गंजलेला पिस्टन कुठला दाद देतोय!

म्हणून गाडी पळो न पळो, ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं. पिस्टनच्या तोंडावरचं रबरी आवरण, म्हणजे डस्ट बूट, फाटलं असेल तर तेही लगेच, कारण तिथून बाहेरचं पाणी थेट पिस्टनवर जातं. जोडणी करताना रबर ग्रीसच वापरा. साध्या खनिज ग्रीसने सील फुगतात आणि जाम होण्याचं नवं कारण तयार होतं. सिलिकॉनचं डॉट ५ पाणी शोषत नाही, पण आत शिरलेलं पाणी त्यात न मिसळता तळाला, म्हणजे नेमकं कॅलिपरमध्ये, साचतं. त्यामुळे ते रामबाण आहे असं मला वाटत नाही. ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये तर ते मिसळूच नये.

गाडी बराच काळ उभी करताना हँडब्रेक सोडून चाकांना अडण लावा, नाहीतर ड्रम ब्रेकमध्ये आतून दाबणारे ब्रेक शू ड्रमला चिकटतात.

चाक धरलंच, तर कॅलिपर खोलण्याआधी ब्लीड निपल, म्हणजे कॅलिपरवरचा ऑइल बाहेर काढायचा स्क्रू, जरा सैल करून पाहा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर पिस्टन ठीक आहे. बहुधा आतून फुगलेल्या जुन्या होजने दाब अडकवून ठेवलाय.