क्लाउड सिक्युरिटीपर्यंत ट्रॅफिक न्यायचे रस्ते: जीआरई, आयपीसेक, पॅक फाइल आणि एजंट आले कुठून

क्लाउड सिक्युरिटीची सर्व्हिस, म्हणजे ऑफिसचं इंटरनेट ट्रॅफिक क्लाउडमध्ये तपासणारी सर्व्हिस, घेतली की पहिला प्रश्न हाच येतो, ट्रॅफिक तिथपर्यंत न्यायचं कसं? जीआरई टनेल, आयपीसेक टनेल (टनेल म्हणजे एक पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून पाठवणं), पॅक फाइल की लॅपटॉपवर एजंट, म्हणजे ट्रॅफिक वळवणारं छोटं सॉफ्टवेअर? मग लोक तक्ता करून तुलना करत बसतात. पण यातले पहिले तीन प्रकार नव्वदच्या दशकातले आहेत, वेगळ्याच कामासाठी बनलेले, आणि त्यांचे आजचे गुणदोष बरेचसे तिथूनच आलेत.

जीआरई सगळ्यात जुनं, १९९४ चं, आरएफसी १७०१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज). तेव्हा ऑफिसांत आयपीएक्स, ॲपलटॉक असले प्रोटोकॉल चालायचे आणि ते आयपी नेटवर्कवरून पलीकडे न्यायचे होते, बस एवढंच काम. एन्क्रिप्शन त्यात नाहीच, म्हणून राउटरवर ताण कमी आणि स्पीड चांगला. पोर्ट नंबरही नाहीत, त्यामुळे नॅटच्या (अनेक मशीन्स एकाच पब्लिक आयपीमागे ठेवायची सोय) मागे बसलं की रडतं, आणि साधारणपणे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, पब्लिक आयपी लागतोच. वर २४ बाइट्स जास्तीचे, म्हणजे १५०० च्या पॅकेटमध्ये १४७६ च उरतात. एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, नीट सेट केला नाही तर पिंग जातो, लॉगिन पेज उघडतं आणि मोठी फाइल मात्र मध्येच लटकते, मग सगळे फायरवॉलला शिव्या घालतात.

आयपीसेकचे पहिले आरएफसी १९९५ चे. लीज्ड लाइन (भाड्याची स्वतंत्र लाइन) महाग होती आणि इंटरनेट स्वस्त पण उघडं, म्हणून दोन ऑफिसांमध्ये कुलूपबंद रस्ता हवा होता. नॅटचा त्रास यालाही होताच, २००५ मध्ये यूडीपी ४५०० मधून गुंडाळून पाठवायचं स्टँडर्ड आलं तेव्हा ते मार्गी लागलं. आज गंमत अशी की वेब ट्रॅफिक बहुतेक सगळं एचटीटीपीएस, म्हणजे आधीच एन्क्रिप्टेड, आणि आयपीसेक त्यावर परत एन्क्रिप्शन करून सीपीयू खातं. काही सर्व्हिसेस म्हणूनच नल एन्क्रिप्शनचा, म्हणजे टनेल ठेवून एन्क्रिप्शन न करण्याचा, पर्याय देतात. तरी आयपी बदलत राहणाऱ्या छोट्या ब्रँचला माझ्या मते हेच बरं.

पॅक फाइल १९९६ ची, नेटस्केप नॅव्हिगेटर २ सोबत आली. जावास्क्रिप्टचं एकच फंक्शन, ब्राउझर त्याला यूआरएल देतो आणि उत्तर मिळतं, या प्रॉक्सीकडे (मधला सर्व्हर) जा किंवा डायरेक्ट जा. सोपं आहे, पण प्रॉक्सी सेटिंग मानणाऱ्या ॲप्सपुरतंच, बाकीचे खुशाल बाजूने निघून जातात. निव्वळ पॅक फाइलवर सिक्युरिटी उभी करणं मला तरी पटत नाही.

हे सगळं क्लाउडकडे वळलं ते ट्रॅफिकची दिशा बदलल्यामुळे. एमपीएलएसचं (टेलिकॉम कंपनीच्या खाजगी नेटवर्कवरून ऑफिसं जोडायची पद्धत) आर्किटेक्चर २००१ मध्ये आरएफसी ३०३१ म्हणून आलं आणि पुढे कंपन्यांचा साचा ठरला, सगळ्या ब्रँचेस मुख्य डेटा सेंटरला जोडायच्या आणि तिथल्या फायरवॉलमधून बाहेर पडायचं. ॲप्स आतच होती तोवर ठीक होतं. मग ऑफिस ३६५ आलं २०११ मध्ये, मेल आणि फाइल्स बाहेर गेल्या, आणि ब्रँचचं ट्रॅफिक आधी डेटा सेंटरला जाऊन मग इंटरनेटवर, असा उगाचचा वळसा सुरू झाला. प्रत्येक ब्रँचला फायरवॉलचा डबा ठेवणं परवडेना, म्हणून तपासणीच क्लाउडमध्ये नेली. गार्टनर या रिसर्च कंपनीने २०१९ मध्ये नेटवर्क आणि सिक्युरिटी एकत्र क्लाउडमधून देण्याला सासे नाव दिलं, तोवर अशा सर्व्हिसेस दहाएक वर्षं चालू होत्याच.

एजंटमागचा विचार जरा वेगळ्या घराण्यातला. २००९ च्या ऑपरेशन ऑरोरा या सायबर हल्ल्यानंतर गूगलने बियाँडकॉर्प नावाची आपली सुरक्षा पद्धत उभी केली, त्याचा पेपर २०१४ चा. आतल्या नेटवर्कवर आहे म्हणून कुणावर विश्वास नाही, युजर आणि डिव्हाइस तपासून एकेका ॲपपुरता प्रवेश. २०२० मध्ये सगळे घरी बसले, जुन्या व्हीपीएनचे डबे तुंबले, आणि एजंटची मागणी एकदम वाढली.

पण प्रिंटर, सीसीटीव्ही, पाहुण्यांचे फोन यांवर एजंट टाकता येत नाही, त्यामुळे ऑफिसला टनेल ठेवावाच लागतो. मग एजंटवाला लॅपटॉप ऑफिसात आला की तो आधीच टनेलच्या आत असतो, आणि ट्रस्टेड नेटवर्क (म्हणजे लॅपटॉप ऑफिसच्याच नेटवर्कवर आहे हे) ओळखायचा नियम एजंटमध्ये नीट भरलेला नसेल तर टनेलमध्ये टनेल होतो.