मोठ्या कंपनीने घेतली, म्हणून बिअरमध्ये ग्लिसरीन?

रामबागेपासून विजयनगरपर्यंत इंदूरच्या मराठी गटांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षे फिरतो: छोटी ब्रुअरी मोठ्या कंपनीला विकली गेली की बिअरमध्ये ग्लिसरीन मिसळतात, बाटली पाण्यात उलटी धरा, ते खाली उतरताना दिसतं.

खाली काहीतरी उतरतं, हे खरं. पण ती बिअरच असते. आंबवल्यानंतरही बिअरमध्ये थोडी न आंबलेली साखर उरते, त्यामुळे ती सहसा पाण्यापेक्षा किंचित जड असते. जड द्रव खाली सरकतो, त्याच्या जागी पाणी वर चढतं. घरी गुलाब सरबताची भरलेली बाटली पाण्याच्या पेल्यात उलटी धरून बघा. तशीच लाल धार उतरेल, ग्लिसरीनचा थेंबही न घालता.

शिवाय आंबवताना यीस्ट स्वतःच थोडं ग्लिसरीन तयार करतं. ते प्रत्येक बिअरमध्ये असतं, मालक कोणीही असो. इथल्या मायक्रोब्रुअरीत समोरच्या टाकीतून भरलेल्या ग्लासातही.

विक्रीनंतर बदलू शकतं ते वेगळंच: पाककृती, बनवण्याची जागा, किंमत, दुकानातली मांडणी. माझ्या मते काळजी करण्यासारखं तेच आहे, आणि या मेसेजमुळे नेमकं तेच झाकलं जातं. अमेरिकेत तर छोट्या ब्रुअर्सच्या संघटनेच्या व्याख्येनुसार ‘क्राफ्ट’, म्हणजे छोटी आणि स्वतंत्र ब्रुअरी म्हणवण्यासाठी तिच्यात मोठ्या मद्यकंपनीचा हिस्सा 25 टक्क्यांपेक्षा कमीच असावा लागतो. आपल्याकडे लेबलवर उत्पादकाचं नाव आणि पत्ता असतो. पुढच्या वेळी तो वाचा आणि त्या नावामागे कोणती कंपनी आहे, ते शोधा.