अँटी-टीपीओ वाढलंय, म्हणजे नक्की काय?

कोथरूडहून मावशीचा फोन आला. तिच्या रिपोर्टमध्ये अँटी-टीपीओ ६०० च्या वर होतं आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं, ती मंदावली की वाढणारं हार्मोन) ३.१, म्हणजे नॉर्मल. तिने विचारलं, “अगं, हा सहाशेचा आकडा खाली कसा आणायचा?”

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की त्याचं उत्तर नीट लिहावंसं वाटलं.

टीपीओ हे थायरॉइड ग्रंथीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम. आयोडीन वापरून हार्मोन तयार करण्याचं काम ते करतं. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून त्यालाच परकं समजली, की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, तयार होतात. तीच अँटी-टीपीओ. १९१२ मध्ये जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी चार स्त्रियांच्या सुजलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यात लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची दाटी दिसली. त्या तिथे का जमल्या, हे कळायला १९५६ उजाडलं. लंडनमध्ये रॉइट, डोनिएक आणि सहकाऱ्यांना या ‘हाशिमोतो’ आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडच्याच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली.

पेठेतला जुना वाडा आठवा. भिंतीवर मातीची रेघ दिसली, की वाळवी लागल्याचं कळतं. पण तुळई किती पोखरली, ते रेघेच्या जाडीवरून सांगता येत नाही. अँटी-टीपीओ ही ती रेघ. ग्रंथीच्या पेशी मारण्याचं काम मुख्यतः लिम्फोसाइट करतात. तुळई अजून भार पेलतेय का, हे टीएसएच सांगतं. म्हणून अँटी-टीपीओ दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासण्यात पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. थायरॉइड हार्मोनच्या गोळीचा डोस त्यावरून ठरत नाही.

ग्रेव्हज या थायरॉइडच्याच दुसऱ्या आजाराची गोष्ट वेगळी. त्यातली प्रतिपिंडे टीएसएचच्या जागी बसून ग्रंथीला सतत कामाला जुंपतात. तिथे प्रतिपिंडेच थेट आजार घडवतात.

मग मावशीला धोका किती? इंग्लंडमधल्या व्हिकहॅम गावातल्या लोकांचा वीस वर्षं पाठपुरावा झाला. फक्त प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांपैकी वर्षाला शंभरात साधारण दोघींची ग्रंथी मंदावली. टीएसएचही वाढलेलं असेल, तर चौघींची. मावशीला आज गोळीची गरज नाही. वर्षातून एकदा टीएसएच पुरे. पुढे गोळी लागलीच, तर ती उपाशीपोटी, चहाच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी.

हा आजार घराण्यात चालत येतो. मावशीच्या मुलीचा बाळाचा विचार चालू आहे. पोटातल्या बाळाला सुरुवातीचे काही महिने आईच्याच हार्मोनवर भागवावं लागतं. म्हणून तिला मात्र टीएसएच याच आठवड्यात तपासायला सांगितलंय.