तिंफ आणि ओर्त: एकच नाव, दोन नाणी

लिलावाच्या यादीत 18 ग्रोशच्या (ग्रोश हे जुन्या पोलंडचं लहान चलन) नाण्याखाली नुसतं ‘तिंफ’ लिहिलेलं दिसलं की समजावं, घोळ सुरू झाला. ओर्त सगळ्यांच्या ओळखीचा: जुन्या पोलंडचं चांदीचं नाणं, एका बाजूला राजाचा मुखवटा, किंमत 18 ग्रोश. त्यावर वेळ घालवत नाही.

मूळ तिंफ 1663 मध्ये, पोलंडचा राजा यान काझिमिएशच्या काळात आला. तिजोरीत खडखडाट, फौजेचे पगार थकलेले. टांकसाळीचा ठेका आंद्रेई तिंफकडे होता, म्हणून लोकांनी नाण्याला त्याचंच नाव दिलं. दर्शनी किंमत 30 ग्रोश. यावर मुखवटा नाहीच. मुकुटाखाली गुंफलेली आय, सी, आर ही अक्षरं आहेत आणि रोमन आकड्यांत तीस.

वजनावर मात्र विसंबू नका. ओर्त आणि तिंफ दोन्ही सुमारे पावणेसात ग्रॅमचे. फरक आहे तो कसाचा. सतराव्या शतकाच्या मध्यावरच्या ओर्तात शुद्ध चांदी सुमारे 4.6 ग्रॅम, तिंफात 3.4 च्या आतबाहेर, म्हणजे निम्मं हीणच. ओर्ताच्या भावाने हिशेब केला तर तिंफात चांदी जेमतेम 13 ग्रोशची, आणि छाप 30 चा! कडेची लॅटिन ओळ सांगते की नाण्याला किंमत येते ती देश वाचल्यामुळे, आणि ते धातूहून मोलाचं. बाजाराने ते मानलं नाही, सरळ बट्टा लावला. पुढे तिंफ 18 ग्रोशला धरला जाऊ लागला आणि नाव ओर्तालाही चिकटलं. म्हणूनच पुढचा राजा तिसरा ऑगस्ट याचे, जर्मनीतल्या लाइपझिगला पाडलेले 18 ग्रोशही ‘तिंफ’ म्हणून विकले जातात. वापर जुना आहे, चूक म्हणता येत नाही. पण वर्ष आणि ग्रोश न लिहिणारा विक्रेता माझ्या मते आळशी. शिवाय 1756 मध्ये लाइपझिगची टांकसाळ प्रशियाच्या हाती गेल्यावर जुनीच साल घालून हिणकस 18 ग्रोश पाडले गेले, तेही याच नावाने फिरतात.

मूळ तिंफावरची ए, टी ही अक्षरं ठेकेदाराची, शहराची नव्हेत. त्यांच्या भरवशावर ‘दुर्मीळ ल्वूफ’चा भाव देऊ नका, टांकसाळ बिदगोश्चची, क्राकूफची की ल्वूफची, हे छापाच्या बारकाव्यांवरूनच ठरतं. उंचवट्यांवर तांबूस झाक असेल तर वरचा चांदीचा थर घासून किंवा झिजून गेलेला असतो. असा तिंफ पुन्हा चकचकीत करायला जाऊ नये, आणखी तांबं वर येईल.