ओडोंटोमा की अ‍ॅमेलोब्लास्टोमा: जास्त आढळतो कोण?

दात घडवणाऱ्या ऊतीच्या गाठींमध्ये अमेरिकेतल्या बहुतेक नोंदींत ओडोंटोमा पहिला असतो, भारतातल्या बहुतेक नोंदींत अ‍ॅमेलोब्लास्टोमा. म्हणून आपल्याकडे ओडोंटोमा कमी होतो असं समजू नका. या नोंदी बायोप्सीच्या, म्हणजे काढलेल्या ऊतीच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीच्या असतात, लोकसंख्येच्या नव्हेत.

ओडोंटोमा म्हणजे दाताच्या घडणीतच झालेला घोटाळा. त्यात इनॅमल (दाताचं वरचं कवच), डेंटिन (त्याखालचा थर) सगळं असतं, आकार मात्र बिघडलेला. कंपाउंड प्रकारात बारीक दातांचा पुंजका, बहुधा वरच्या जबड्यात पुढे; कॉम्प्लेक्समध्ये नुसता गोळा, बहुधा खालच्या दाढांपाशी. दुखत सहसा नाही. मुलाचा दुधाचा दात पडेना, सुळा येईना म्हणून एक्स-रे काढला की पांढरा ठिपका आणि भोवती काळी कड दिसते. काढला की क्वचितच परत येतो. म्हणूनच पुष्कळ ओडोंटोमा दवाखान्यात निघतात आणि तपासणीला जातच नाहीत. ज्यांचा एक्स-रेच झाला नाही, ते तर कुठल्याच नोंदीत नाहीत.

अ‍ॅमेलोब्लास्टोमा असा निसटत नाही. साधारण ८० टक्के खालच्या जबड्यात, बहुतेक दाढांच्या मागे. हाड हळूहळू फुगतं, ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) अनेकदा साबणाच्या फेसासारखे कप्पे दिसतात. नेहमीचा प्रकार नुसता खरवडला तर बऱ्याचदा उलटतो, कधी दहा वर्षांनीही. म्हणून कडेचं १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात. अशा रुग्णाची बायोप्सी होतेच.

तरी तो दुर्मीळच. जगभरातले अभ्यास एकत्र केले तर दर दहा लाख लोकांमागे वर्षाला जेमतेम एक. २०११च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे ३१ लाख होती. त्या हिशेबाने वर्षाला तीनेक नवे रुग्ण. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात याहून जास्त दिसले, तर सातारा-सोलापूरहून आलेले त्यातून आधी वजा करा.

टक्केवारी ताडताना वर्षही पाहा. केराटोसिस्ट या जबड्यातल्या विकाराला जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये गाठींत घातलं आणि २०१७मध्ये पुन्हा सिस्टमध्ये (पोकळ पिशव्यांच्या गटात) नेलं. मधल्या काळातल्या नोंदींत तो धरला असेल तर बाकी सगळ्यांचे टक्के घसरलेले दिसतात. तो वगळून टक्के नव्याने काढा.

आणि दंतवैद्यांनो, काढलेला ओडोंटोमा फेकू नका. नमुन्याच्या आकारमानाच्या किमान दहापट फॉर्मॅलिनमध्ये (१० टक्क्यांच्या), वय, जागा आणि एक्स-रेसह पॅथॉलॉजीकडे पाठवा.