जलपर्णीद्वारे जड धातूंचे निर्मूलन

दूषित पाण्यातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा, आर्सेनिक यांसारखी विषारी द्रव्ये पाणवनस्पतींकडून शोषून घेऊन ती पाण्याबाहेर काढण्याची पद्धत. पाणकणीस, अझोला, डकवीड अशा अनेक वनस्पती या कामी येतात; त्यांपैकी जलपर्णीचा अभ्यास फार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती जांभळ्या फुलांच्या शोभेसाठी जगभर नेली गेली. पुण्याच्या मुळा-मुठा आणि पवना, इंद्रायणी या नद्यांत ती सांडपाण्यातील नत्र-स्फुरदावर पोसते आणि पात्रच्या पात्र झाकून टाकते. अशा वाढीमुळे पाण्यातला प्राणवायू घटतो, डास वाढतात. तिला शत्रू मानले जाते ते उगाच नव्हे.

तिची झुपकेदार मुळे पाण्यातच लोंबत असतात. धातूंचे आयन (विद्युतभारित कण) आधी मुळांच्या पृष्ठभागाला चिकटतात, मग पेशींत शिरतात. तिथे वनस्पती फायटोकेलेटिन नावाची गंधकयुक्त पेप्टाइडे (प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या) तयार करते. ती कॅडमियमला जखडतात आणि हा जखडलेला धातू रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील साठवणीच्या पोकळीत, कोंडला जातो. क्रोमियमच्या बाबतीत आणखी एक बदल घडतो. कर्करोगकारक षट्संयुजी (संयुजा सहा असलेल्या) क्रोमियमचे बारीक मुळांत क्षपण होऊन, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन मिळून, ते बरेच कमी घातक असे त्रिसंयुजी (संयुजा तीन असलेले) बनते. ओडिशातील सुकिंदा येथील क्रोमाइट खाणींच्या पाण्यावर जलपर्णीचे प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत शास्त्रज्ञ बी. सी. वुल्व्हर्टन यांनी 1970च्या दशकात नासाच्या मिसिसिपीतील केंद्रात सांडपाणी शुद्ध करण्यासाठी तिचा वापर केला.

धातू हे मूलद्रव्य असल्याने वनस्पती ते नष्ट करू शकत नाही, फक्त स्वतःत साठवते. साठाही पानांपेक्षा मुळांतच जास्त असतो. म्हणून वरवरची कापणी निरुपयोगी, झाड मुळासकट उपसावे लागते. उपसलेले ढीग काठावरच कुजू दिले, तर पहिल्या पावसात धातू पुन्हा नदीत उतरतात. या पद्धतीचे यश खरे तर या उपशावर ठरते आणि नेमके तेच काम सर्वांत दुर्लक्षित राहते. ताज्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असल्याने वाहतूकही जड जाते. म्हणून ती आधी वाळवावी लागते, मग धूर नियंत्रित करणाऱ्या भट्टीत जाळून राख सुरक्षित भरावात (घातक कचरा पुरण्याच्या बंदिस्त जागेत) पुरावी लागते. धातूंनी दूषित पाण्यातील जलपर्णी कंपोस्टला वापरू नये. अझोला हा जनावरांचा चांगला खुराक खरा, पण धातूयुक्त पाण्यात वाढलेला अझोला गुरांना कधीही घालू नये.