वितरण पेटीचे स्थलांतर (घरगुती)

मीटरकडून आलेली वीज दिवे, पंखे, गीझर, एसी अशा निरनिराळ्या सर्किटांत जेथून विभागली जाते, ती एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यास आपोआप पडणारा स्विच) व आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेली पेटी (डीबी) घरातल्या एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचे काम. स्वयंपाकघराचे नूतनीकरण, नवे भिंतीकपाट, भिंतीत मुरणारी ओल ही त्यामागची नेहमीची कारणे. जुन्या वाड्यांत आणि चाळींत लाकडी फळीवरचे किटकॅट फ्यूज (चिनी मातीचे, तार बदलण्याचे जुने फ्यूज) काढून पेटी बसवताना बहुधा जागाही बदलली जाते.

मुख्य स्विच पाडला की पेटीतली वीज गेली, हा या कामातला सर्वांत घातक समज होय. स्विच बंद असतानाही मीटरकडून येणारी केबल त्याच्या वरच्या स्क्रूंपर्यंत जिवंत असते. म्हणून पुरवठा मीटरनंतरच्या कटआउटपाशी (पुरवठा तोडता येणारा फ्यूज) तोडावा लागतो, आणि तेथे कटआउट नसल्यास वीज कंपनीकडून शटडाउन घ्यावे लागते. मीटर व त्याचे सील वीज कंपनीच्या ताब्यातले असते, मग ती महावितरण असो, मुंबईतली बेस्ट असो वा गोव्याचे वीज खाते. सीलला हात लावण्याचा अधिकार ग्राहकाला किंवा त्याच्या वायरमनला नाही. भारनियमनाची सवय झालेल्या घरांत दुसराही सापळा असतो: बाहेरचा पुरवठा तुटताच इन्व्हर्टर सुरू होतो आणि दिव्यापंख्यांच्या वायरी त्याच पेटीत 230 व्होल्टने पुन्हा भारित होतात. त्यामुळे इन्व्हर्टर बंद करून त्याची आउटपुट वायर सोडवणे, आणि टेस्टर प्रथम जिवंत सॉकेटवर पारखून मगच पेटीतल्या प्रत्येक टर्मिनलला लावणे, हे आवश्यक ठरते.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करावयाचे असते. दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यास सूट आहे. पेटी हलवणे तिच्यात बसत नाही.

नवी जागा कोरडी, सहज हात पोचेल अशी असावी. शेगडीच्या किंवा सिंकच्या वर आणि न्हाणीघरात पेटी बसवू नये. कपाटाच्या दारामागे ती दडवण्याचा आग्रह आतील सजावट करणाऱ्यांकडून हमखास होतो, पण ठिणगी पडली तर सामान उपसत बसावे लागेल अशी जागा न निवडलेलीच बरी.

खरे कौशल्य वायरींत आहे. पेटी चार-पाच फूट सरकली तरी भिंतीतल्या बहुतेक वायरी तोकड्या पडतात, आणि त्या पिळून, वर इन्सुलेशन टेप गुंडाळून प्लास्टरखाली गाडण्याची पद्धत सर्रास दिसते. गीझर, एसीसारख्या जड भाराखाली असा सांधा तापतो, सैल होतो व अधिकच तापतो. एमसीबीला मात्र त्याचा पत्ता नसतो, कारण सर्किटमधला प्रवाह मर्यादेतच असतो. पाइपमधून अखंड नवी वायर ओढणे हा उत्तम उपाय. ते अशक्य असल्यास स्क्रू-कनेक्टर व उघडता येणारा जंक्शन बॉक्स वापरावा. मीटरपासूनची केबल लांबत असेल तर तिचा छेद (तारेची जाडी) भार व अंतर पाहून पुन्हा ठरवावा लागतो. जेथे लोखंडी पाइपच अर्थिंगचे काम करत होता तेथे तो कापताच अर्थिंग तुटते, आणि हे दिवे लागतात म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

एकाहून अधिक आरसीसीबी असतील तर प्रत्येकीच्या सर्किटांचे न्यूट्रल तिच्याच न्यूट्रल लिंकवर (न्यूट्रल वायरी जोडण्याची पट्टी) परतले पाहिजेत. ते मिसळले की आरसीसीबी विनाकारण पडते, आणि त्रासलेला घरमालक ती काढून थेट जोडणी करवून घेतो. विजेचा धक्का बसल्यास प्राण वाचवणारी 30 मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडण्याची सोय अशा रीतीने नाहीशी होते.

पुरवठा जोडण्यापूर्वी अर्थ वायरींची सलगता तपासतात. मग उपकरणे सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याचे उपकरण) इन्सुलेशनचा रोध मोजतात. तो एक मेगओहमपेक्षा कमी भरल्यास सर्किट चालू करीत नाहीत. पुरवठा आल्यावर आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून ती पडते याची खात्री करतात आणि प्रत्येक एमसीबीखाली तिच्या सर्किटचे नाव लिहितात.

चिपळूणमध्ये जुलै 2021 मध्ये आला तसा पूर येणाऱ्या गावांत तळमजल्यावरची पेटी पूररेषेच्या वर नेणे शहाणपणाचे ठरते. पाण्यात बुडालेल्या एमसीबी व आरसीसीबी वाळवून पुन्हा वापरू नयेत, कारण आत शिरलेला गाळ वाळवून निघत नाही.